पोवळ्याची झाक: घासकामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आत्तेबहिणीचं लग्न ८ डिसेंबरला, पेणला. हळद आदल्या दिवशी. आत्या फोनवर म्हणाली, "तू ते मातीचं काहीतरी करतेस ना, हळदीला पोरींना वाटायला कर." पोरी म्हणजे चोवीस जणी. शिवाय नवरीला पोवळ्यांसारखी दिसणारी एक माळ, कारण आजीची खरी पोवळी तीन घरांत वाटली गेली आणि हिच्या वाट्याला एकही आलं नाही. "बघ, जमलं तर," असं आत्या शेवटी म्हणाली. आमच्याकडे "जमलं तर" म्हणजे कर.

या वेळी नोंदी ठेवतेय त्याचं कारण गेल्या वर्षीचे कानातल्यांचे आठ जोड. लांबून बरे दिसायचे, हातात घेतले की शर्टाची बटणं. वर व्हार्निशचा जाड थर आणि त्याखाली माझ्या बोटांचे ठसे, काचेखाली जपून ठेवल्यासारखे. यंदा व्हार्निश नाही. जी चमक येईल ती घासूनच.

आकार ठरला: थेंब, २८ मिमी लांब, ३ मिमी जाड. बारा जोड साधे पोवळ्याच्या रंगाचे, बारा जोडांत मधून एक पांढरी रेघ. माळेत ४१ मणी, १० मिमीचे. हिशेबाने २३० ग्रॅम पॉलिमर क्ले (घरच्या ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी) पुरावी, म्हणजे ५७ ग्रॅमचे चार ब्लॉक. पाच मागवले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसातून परस्पर बोहरी आळी. नवरात्राची गर्दी, रिक्षा लक्ष्मी रोडलाच सोडली. हार्डवेअरच्या दुकानात "सँडपेपर द्या" म्हटलं की लाकडाचा पिवळा कागद पुढ्यात येतो. मागायचा तो "वॉटर पेपर", काळा, सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात भिजला तरी न फाटणारा. सुताराच्या काचपेपरने हे काम होत नाही, पाणी लागताच त्याचा लगदा होतो. ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असे (आकडा मोठा तितका कागद बारीक) प्रत्येकी दोन ताव घेतले. दुकानदाराने विचारलं, "गाडीचं काम आहे का?" १५००च्या पुढचे ताव त्यांच्याकडून डेंटिंग-पेंटिंगवालेच नेतात. कानातल्यांसाठी म्हटल्यावर त्याने पैसे मोजता मोजता पुन्हा एकदा वर बघितलं.

घरी येऊन ताव उलटे केले तर मागे P400, P600 असं छापलेलं. हा 'पी' मी गेल्या वर्षी बघितलाच नव्हता. मी ज्या अमेरिकन बाईचे व्हिडिओ बघून शिकले ती "सहाशेवर आणा, मग बफ करा", म्हणजे कापडावर घासून चमकवा, म्हणते. तिच्याकडची जुनी मोजणी आणि ही युरोपीय 'पी'ची मोजणी एक नाही. अमेरिकन ६००चा कण साधारण १६ मायक्रॉनचा. आपल्याकडच्या P600चा २६च्या जवळ. तिचा सहाशे म्हणजे माझा बाराशे! २२०च्या आसपास फरक जवळपास नाही, वर जाऊ तसा वाढत जातो. गेल्या वर्षी मी इमानेइतबारे 'सहाशेवर' थांबत होते आणि चमक का येत नाही म्हणून व्हार्निश फासत होते.

P1200चे दोन ताव उद्या आणायचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, आज ओव्हन.

क्लेला माती म्हणायचं ते फक्त हाताला तशी लागते म्हणून. खरी ती पीव्हीसीची बारीक भुकटी, प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रवात, मळलेली. ताप लागला की कण एकमेकांत विरघळून एकसंध होतात. माझ्या पाकिटावर १३० अंश, दर ६ मिमी जाडीला ३० मिनिटं. फीमो नावाच्या दुसऱ्या क्लेच्या पाकिटावर ११०. ताप कमी पडला तर वस्तू वरून कडक दिसते, आतून ठिसूळ राहते. जास्त झाला तर रंग जळतो, आणि खूपच जास्त झाला तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, डोळे आणि घसा झोंबवणारा. म्हणून जुना ओटीजी गॅलरीत, दार उघडं, आणि त्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: यात खायचं ठेवू नये. दिवाळी तोंडावर आलेली असताना ही चिठ्ठी सासूबाईंना अजिबात पसंत नाही. नानकटाई यंदा विकत आणायची का, असं त्यांनी मला न विचारता मोठ्याने नवऱ्याला विचारलं.

साडेतीनशे रुपयांचा ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून मोजलं. खटका १३०वर. पहिल्या दहा मिनिटांत पारा १५८! मग कॉइल बंद होऊन १२१पर्यंत उतरला, पुन्हा वर. पांढऱ्या क्लेची चकती जुन्या हस्तिदंतासारखी पिवळी पडली.

मग खटका ११५च्या खुणेवर, आत फरशीचा एक तुकडा, ओव्हन वीस मिनिटं रिकामा तापवला, आणि ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइलचं छप्पर, म्हणजे लाल झालेल्या कॉइलची धग थेट लागणार नाही. आता १२६ ते १३३. पांढरी चकती पांढरी राहिली. थंड झाल्यावर वाकवून बघितली, वाकली आणि परत सरळ झाली. दीड-दोन मिलिमीटरची नीट भाजलेली चकती अशी वाकायला हवी. कट्कन मोडली तर ती कच्ची.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिला घाणा. सहा जोड, बारा थेंब.

रंग: दोन भाग लाल, एक भाग नारिंगी, अर्धा भाग अर्धपारदर्शक. शेवटचं घातलं नाही तर पोवळं होत नाही, रंगवलेलं झाकण होतं. मिश्रण पूर्ण एकजीव करायचं नाही, पोवळ्यात फिकट-गडद रेघांचा एक अंधुक पोत असतो तो राहू द्यायचा.

भाजले, गार केले, आणि दुपारी दोनला भांड्यात पाणी घेऊन बसले. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे कागद भरून येत नाही. कोरडं घासायचं नाही, कधीच नाही. ती धूळ पीव्हीसीची आहे, नाकात जायला नको. सपाट बाजू काचेवर ठेवलेल्या ओल्या तावावर इंग्रजी आठ काढत घासायची. कडांना कागदामागे मेकअपच्या स्पंजचा तुकडा, नाहीतर बोटाच्या दाबाने खळगा पडतो.

४००पासून सुरुवात करावी लागली, कारण ठसे. बारापैकी नऊ थेंबांवर माझा अंगठा अगदी पोलीस रेकॉर्डसारखा. शिवाय थेंबाच्या आकाराच्या कटरने दाबल्यावर वरची कड उभी, धारदार राहते ती गोल करण्यात निम्मा वेळ. ४००, ६००, ८००, १०००, १२००. मग जुन्या जीन्सच्या पायावर जोरात. सव्वासहा वाजले. एका थेंबाला वीस-एकवीस मिनिटं. उरले ३६ थेंब आणि ४१ मणी. हे जमणारं गणित नाही.

आणि चमक? आली. पण दिव्याखाली तिरकं धरलं की तीन थेंबांत आत चरे दिसतात, सगळे एकाच दिशेचे. हे तीन थेंब शेवटचे होते, घाईत ४००वरून थेट १०००वर गेले होते. १०००चा कागद ४००चे चरे काढत नाही, फक्त त्यांचे काठ चकचकीत करतो. नुसतं खडबडीत असतं तर इतकं डोळ्यांत आलं नसतं.

घासलेलं लाल पाणी बेसिनमध्ये ओतलं नाही. रात्रभर निवू दिलं, वरचं पाणी जुन्या सुती फडक्यातून गाळून टाकलं, खालचा गाळ फडक्यासकट कचऱ्यात. प्लॅस्टिकचाच गाळ तो, मुठेत जाऊन काय भलं करणार.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने अंगठा घेतला नाही. तर्जनीही नाही. चार वेळा लाल दिवा, मागे रांग. काल प्लॅस्टिकवरचे ठसे घालवताना बोटांवरचेही गेले! शेवटी रजिस्टरवर सही. कारण काय लिहू असं विचारलं तर 'त्वचेचा त्रास' लिहा म्हणाले.

येताना स्टेशनरीच्या दुकानातून नोटा मोजणाऱ्यांच्या रबरी टोप्या घेतल्या, अंगठा आणि दोन बोटांसाठी. बारा रुपयाला एक.

२७ ऑक्टोबर, रविवार

फराळाच्या धांदलीत मोठं काम नाही. चकल्यांच्या मधल्या वेळात पाच नमुन्यांच्या चकत्या केल्या. नवऱ्याची बहीण आली होती, म्हणाली, "एवढं कशाला घासत बसतेस, पारदर्शक नेलपॉलिश लाव की." माझा विरोध ऐकीव माहितीवर होता. म्हणून:

पहिली चकती नुसती घासून जीन्सवर चमकवलेली. दुसरीवर फर्निचरचं मेण. तिसरीवर नेलपॉलिश. चौथीवर पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन व्हार्निश. पाचवीवर यूव्ही रेझिन, नखांच्या छोट्या दिव्याखाली वाळवलेलं. पाचही उघड्या ताटलीत, फडताळावर. दिवाळीनंतर बघायचं.

३ नोव्हेंबर, रविवार, पेण

भाऊबीज. काकांचा गणपतीचा कारखाना एरवी वर्षभर चालू, पण या चार दिवसांत बंद. दुपारी जेवण झाल्यावर मी पर्समधून तीन थेंब काढले, ते चरेवाले. काका चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"माती कुठली?"

"माती नाही काका, प्लॅस्टिकच आहे एका प्रकारचं. एकशे तीस डिग्रीला भाजते."

"एकशे तीस?" ते हसले. "कुंभाराची भट्टी सात-आठशेच्या वर जाते. एकशे तीसला भाकरी तरी होईल का?"

मग मला उठवून कारखान्यात घेऊन गेले. मूर्ती साच्यातून निघाली की अंगावर सांध्याची रेघ राहते, ती भरून, वाळवून, पॉलिश पेपरने घासायची, हे मी लहानपणापासून बघितलंय. हाताखालची पोरं दिवसभर तेच करायची, आणि आम्हा मुलांना वाटायचं की हे सगळ्यात कंटाळवाणं काम, खरं काम म्हणजे डोळ्यांची आखणी. काकांनी ट्यूब बंद केली, टेबलावरचा दिवा पाटावर आडवा ठेवला आणि एका कच्च्या मूर्तीच्या गालावरून उजेड सरपटत जाईल असा धरला. वरच्या उजेडात आरशासारखा दिसणारा गाल एकदम चंद्रासारखा खड्ड्याखड्ड्यांचा झाला.

"समोरून उजेड घेतलास तर सगळं गुळगुळीतच दिसतं. आडवा घे. आणि कागद बदललास की हातही फिरव. आधी उभा घासला असेल तर आता आडवा. जुन्या रेघा आडव्या हाताला लगेच दिसतात. त्या पूर्ण गेल्या की मगच पुढचा कागद."

इतकं साधं. मी कागदांचे आकडे आणि मिनिटं मोजत होते.

मग ते जरा थांबून म्हणाले, "पण मला सांग, एवढं घासायला लागतं कशाला? आमचा सांधा साच्यात असतो, तो टळत नाही. तुझा कुठे सांधा आहे? तू हातानेच घाण करतेस आणि हातानेच काढतेस."

९ नोव्हेंबर, शनिवार

काकांचं शेवटचं वाक्य आठवडाभर डोक्यात. आज क्ले लाटण्यापासून सगळं बदललं.

लाटलेल्या पट्टीवर स्वयंपाकाची पातळ प्लॅस्टिकची फिल्म ताणून त्यावरून कटर दाबला. फिल्म कडेला आत ओढली जाते आणि थेंबाची वरची कड आपोआप गोल निघते. फक्त या एका गोष्टीने निम्मं घासकाम गेलं. पोरीच्या जुन्या वह्यांचं आवरण म्हणून ठेवलेलं प्लॅस्टिकही चाललं, पण त्याच्या सुरकुत्या उमटतात.

हातात डॉक्टरी हातमोजे, तेही एक नंबर लहान, म्हणजे बोटावर चुण्या पडत नाहीत. पांढरं काम आधी, लाल नंतर. लाल क्लेचा रंग हातमोज्यांवरूनही पांढऱ्यावर बसतो. कापलेला थेंब उचलायचा नाही. फरशीच्या तुकड्यावरच लाटायचा, कापायचा, आजूबाजूची क्ले सोलून काढायची आणि तसाच ओव्हनमध्ये. मात्र फरशीवर थेट भाजलं तर मागची बाजू ठिपक्याठिपक्याने चकाकते, जिथे क्ले चिकटली तिथे चकचकीत, जिथे हवा राहिली तिथे मंद. म्हणून मध्ये साधा छपाईचा कागद. आणि भाजण्याआधी कानकोरण्याचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून वरून एक हलका हात. ठसे, केस, धूळ सगळं विरघळल्यासारखं जातं. फार चोळलं तर क्लेच चिकट होते, दोनदा झालं.

तेवीस थेंब केले. भाजून गार झाल्यावर खिडकीशी आडव्या उजेडात धरले. ठसा एकावर. एकावर!

१० नोव्हेंबर, रविवार

आज ४०० आणि ६०० उघडलेच नाहीत. थेट ८००. घासण्याआधी प्रत्येक थेंबावर शिसपेन्सिलीने जाळी काढली. जिथे जाळी उरली तिथे खळगा, जिथे गेली तिथे पोचले. मग १०००वर हात आडवा, १२००वर उभा, १५००, २०००.

एका थेंबाला सात मिनिटं, वीसऐवजी.

पांढऱ्या रेघेचे थेंब वेगळ्या पाण्यात. आतली हवा घासताना उघडी पडते, टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि त्यात लाल गाळ भरतो. पांढऱ्यावर तो देवीच्या व्रणासारखा दिसतो. जुन्या ब्रशने साबण लावून घासलं की निघतो, पण ओला असतानाच. वाळला की मग सुईने कोरत बसा.

दोन थेंब घासता घासता भुसभुशीत व्हायला लागले, कागदावर खडूसारखा चुरा. वाकवला तर एक मोडला. हे ट्रेच्या दारापाशी होते, तिथे ताप कमी असणार. उरलेला एक पुन्हा अर्धा तास भाजला. क्ले परत भाजता येते, कितीदाही, हे तिचं मोठं औदार्य. नंतर तोच थेंब बाकीच्यांसारखाच चमकला. म्हणजे चमक न येण्याचा दोष दर वेळी कागदाचा नसतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज तुळशीचं लग्न. ताटलीतल्या पाच चकत्या बघितल्या, सतरा दिवस झाले.

नुसती घासलेली: होती तशी. मेणाची: थोडी ओलसर चमक, छान, पण बोट लावलं की ठसा उमटतो, पुसला की जातो. पॉलियुरेथेन: शाबूत, पण गेल्या वर्षीचं बटण परत आलं. यूव्ही रेझिन: काचेसारखं, कडेला एक बुडबुडा. ज्यांना तसा थर आवडतो त्यांनी खुशाल लावावं, टिकतं ते.

नेलपॉलिश: चिकट. बोट टेकवलं तर चकती बोटाबरोबर उचलली गेली. वर तीन दिवाळ्यांची धूळ वाटावी इतकी धूळ, आणि एक मुंगी. नेलपॉलिशमधली द्रावणं आणि क्लेतला प्लास्टिसायझर यांची आपसात गट्टी जमते आणि थर कधीच धड वाळत नाही. सुरुवातीचे दोन दिवस मात्र तीच सगळ्यांत सुंदर दिसत होती. ज्यांनी करून त्याच आठवड्यात फोटो टाकले त्यांना हे कधी कळणारच नाही. चकती नणंदेसाठी ठेवून दिली आहे.

याच कारणाने कच्ची क्ले ठेवायच्या डब्यांचाही विचार करावा लागतो. कच्ची क्ले कडक पारदर्शक, टिचणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली तर डबीच चिकट होते. तळाशी त्रिकोणात ५ असलेला डबा चालतो, ६ असलेला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

जीन्सवर घासून मनगट धरलं म्हणून नवऱ्याचं फिरकीचं छोटं यंत्र मागितलं, टोकाला कापडाची गोल गादी लावून. दोन गोष्टी शिकले, दोन्ही वाईट पद्धतीने.

पहिली: गादी जिकडून फिरत येते तिकडे थेंबाची कड आधी नेली तर यंत्र तो हिसकावून घेतं. माझा थेंब स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला आणि सासूबाईंच्या पितळी डब्यावर टण्णकन आपटला. डब्याला काही झालं नाही. थेंबाच्या टोकाचा कपचा उडाला. (सासूबाई: "आता मलाही घालणार का कानात?") गादी कडेवरून बाहेर जाईल अशीच धरायची, थेंबाच्या मध्यावरून सुरू करून काठाकडे.

दुसरी: एकाच जागी चार सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की घर्षणाने वरची कातडी तापते आणि चमक चोपडली जाते, ढगाळ पट्टा उठतो. तो काढायला पुन्हा ८००पासून सुरुवात. यंत्र सगळ्यात कमी वेगावर, दाब जवळपास नाही, आणि सतत हलतं. पॉलिशची लाल-हिरवी वडी लागत नाही. लावली तर बारीक भोकांत जाऊन बसते.

पण नीट जमलं की काय दिसतं! २०००पर्यंत घासलेला थेंब गादीखाली सात-आठ सेकंदांत ओला दिसायला लागतो. अर्धपारदर्शक क्ले घातली होती तिचं काम इथे कळलं. उजेड पृष्ठभागावर थांबत नाही, जरासा आत उतरून परत येतो. आजीच्या गळ्यातलं पोवळं असंच दिसायचं, आतून.

२३ आणि २४ नोव्हेंबर

मणी. गोल मण्याला सपाट बाजू नाही, म्हणजे काच आणि ताव निरुपयोगी. पहिले तीन बोटांत फिरवून घासले, अकरा अकरा मिनिटं, आणि तरी वाटाण्यासारखे थोडे कोनदार.

भाजतानाची गोष्ट आधी लिहायला हवी. मणी ट्रेवर ठेवले की टेकलेल्या जागी चपटा चकाकता डाग पडतो. त्यांना कॉर्नफ्लॉवरच्या गादीत अर्धे बुडवून भाजलं. पीठ १३०ला जळत नाही, मण्याला चिकटतही नाही, धुतलं की गेलं. आता त्या डब्यावरही चिठ्ठी आहे.

घासायला सायकलच्या दुकानातून एक स्पोक आणला, दहा रुपये. सहा मणी स्पोकवर, मध्ये रबराचे वायसर, आणि स्पोक बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या तोंडात. पाणी असल्यामुळे वायरवालं ड्रिल नकोच. ड्रिल हळू फिरवायचं आणि ओला कागद लावलेला स्पंज मण्यांना घट्ट मिठी मारेल असा धरायचा. सहा मणी, सहा कागद, साधारण चौदा मिनिटं. भोकाच्या कडेशी मात्र कागद पोचत नाही, तेवढं हाताने.

खंबायतला अकीकाचे मणी पूर्वी चामड्याच्या पिशवीत अकीकाच्याच भुकटीसोबत भरून दोन माणसं दिवसचे दिवस ती पिशवी एकमेकांकडे लोटत बसायची. दगडाचं काम ते. माझं प्लॅस्टिक दोन दुपारीत झालं, तक्रार करायला जागा नाही.

त्रेचाळीस केले, एक्केचाळीस निवडले. एकात बुडबुडा निघाला, एक सोफ्याखाली.

३० नोव्हेंबर, शनिवार

जोडणी. फार लिहिण्यासारखं नाही. थेंबाला वर १ मिमीचं भोक हातड्रिलने, पुढून मागे, खाली लाकडाचा तुकडा धरून, नाहीतर मागची कड फुटते. हूक स्टेनलेस स्टीलचे, ३१६एल, कारण दोघी-तिघींचे कान निकेलने चिघळतात. दहा जोड मुलींच्या हट्टाने फिरकीचे. त्यांच्या मागची बाजू मुद्दाम ४००ने खरखरीत केली आणि दोन ट्यूबचा एपॉक्सी लावला, चोवीस तास हात नाही. चकचकीत पृष्ठभागावर गोंद धड धरत नाही. इतके दिवस ज्याच्याशी भांडले ते खरखरीतपण शेवटी मलाच हवं झालं.

एका कानाचं वजन हुकासकट अडीच ग्रॅमच्या आत. खर्च, क्ले, कागद, हूक आणि खोके धरून, एका जोडाला ९८ रुपये. वेळ धरला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आत्तेबहीण पुण्यात खरेदीला आली तेव्हा माळ दाखवली. तिने आधी गालाला लावून बघितली. पोवळं गार लागतं, हे नाही लागलं. "खोटं आहे ते कळतंय," म्हणाली, "पण दिसतंय आजीचंच." तिला बरं वाटावं म्हणून मी काही बोलले नाही. गार लागणं घासून आणता येत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

लग्न पार पडलं. हळदीच्या गोंधळात चोवीस जणींनी कानातले लगेच घातले आणि तासाभरात निम्म्या जणींच्या कानांपर्यंत हळद पोचली. लाल थेंबांना काही झालं नाही, पुसले की साफ. पांढऱ्या रेघेचे चार जोड पिवळे. मी हा विचारच केला नव्हता, आणि हळदीच्या समारंभासाठी करत होते!

साबण: नाही. अल्कोहोल: थोडं फिकट. एका थेंबावर १५००चा ओला कागद दहा-बारा हात मारला, पिवळं अर्धं गेलं, म्हणजे फार खोल नाही, पण मग चमक पुन्हा आणावी लागते. तीन जोड घेऊन आले. चौथा मोठ्या वहिनींचा, त्या म्हणाल्या बघू नंतर.

१५ डिसेंबर, रविवार

हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे पापड-कुरडयांच्या पिवळ्या फडक्यांवरून माहीत होतं. तीन जोड गॅलरीत, ओटीजीच्या डोक्यावर, सकाळी दहा ते दोनच्या उन्हात ठेवले होते. पाच दिवसांत पिवळं जवळजवळ गेलं, आडव्या उजेडात शोधलं तर सापडतं. चमक तशीच. कागद लागला नाही. लाल रंग उतरला का, ते न ठेवलेल्या जोडाशेजारी धरून बघितलं, फरक दिसला नाही. आणखी दोन दिवस ठेवून पेणला कुरिअर.

वहिनींना फोन केला, तुमचाही पाठवा म्हणून. नको म्हणाल्या, हळदीचा आहे तो, राहू दे.

उरलं: ८००चा अर्धा ताव, २०००चा एक पूर्ण, १२००चा संपला. सोफ्याखालचा मणी आज झाडताना सापडला, घासलेला नाही.